उत्तम दुनळी कोणती ?

वांटणींत घरीं आलेली जुनी अमेरिकन दुनळी बंदूक ठेवावी कीं विकावी, आणि तिची योग्यता कशावरून ठरवावी, असा प्रश्न एका वाचकांनीं आम्हांस केला आहे. आमच्या वाचकवर्गांत बंदुकीचा शोक फारसा नाहीं. तथापि उत्तम कारागिरीची पारख सर्वांसच उपयोगी असल्यामुळें येथें उत्तर देतों.

या बंदुका करणारांचीं नांवें आपणांस अगदींच परकीं नाहींत. कचेरीकचेरींतून ज्याचा खडखडाट ऐकूं येत असे, तें रेमिंग्टनचें टंकलेखनयंत्र १८७३ सालीं बंदुकांच्याच कारखान्यांत तयार होऊं लागलें. स्मिथ प्रीमियर हें यंत्र योजणारा ब्राउन यानेंच एल. सी. स्मिथ बंदुकीचा खटकाहि योजिला होता. पोलादाचे बारीक भाग अचूक जुळविण्याची विद्या दोहींकडे एकच.

परीक्षेचें मुख्य स्थान हेंच. आम्ही राहतों त्या अंबडच्या औद्योगिक वसाहतींत फिटर दोन भाग जुळवितांना एकास निळा रंग लावितो, दुसरा त्यावर टेकवितो, आणि जेथें रंग उमटेल तेथेंच कानस चालवितो. जुने बंदूककार रंगाऐवजीं दिव्याची काजळी वापरीत. नळ्या मिटल्यावर सांध्यांत फट दिसूं नये, ही त्या श्रमाची खूण होय. नक्षी मागाहूनहि करितां येते. सांधा येत नाहीं.

या कसोटीस मेरिडन गांवची पार्कर उत्तम उतरते. तिच्या आंतील भाग संख्येनें पुष्कळ, परंतु प्रत्येकाची सफाई वाखाणण्यासारखी. हा धंदा १९३४ सालीं रेमिंग्टननें घेतला. स्मिथ बंदुकीची कळ बाजूच्या पट्टीवर बसविलेली असल्यामुळें ती दिसण्यांत अधिक डौलदार. मात्र त्या पट्टीमागें लांकडी दस्त्यास चीर जाण्याचा दोष तिच्यांत वारंवार आढळतो. फिलाडेल्फियाची फॉक्स सर्वांत साधी: प्रत्येक कळेंत चालते भाग अवघे तीन. राष्ट्राध्यक्षपदावरून उतरलेल्या रूझवेल्ट यांनीं १९०९ सालीं आफ्रिकेंत नेलेली फॉक्स २०१० सालच्या लिलांवांत ८,६२,५०० डॉलरांस गेली. पण ती किंमत बंदुकीपेक्षां धन्याच्या नांवाची अधिक. १९३१ ची विंचेस्टर २१ बळकटपणांत या तिघींसहि मागें सारील. तरीहि आमचें मत विचाराल तर सफाईंत पार्कर आणि योजनेंत फॉक्स श्रेष्ठ. कारण थोडक्या भागांत काम साधणें हें कारागिरीचें परम लक्षण होय.

आतां व्यवहाराची गोष्ट. नळीवर लाटांसारखी रेषाकृति दिसल्यास ती लोखंड व पोलाद यांच्या कांबी पिळून, गुंडाळून व ठोकून केलेली डमास्कस नळी समजावी. ती काळ्या दारूच्या काळांतील असून आजच्या धूरविरहित दारूचें काडतूस तींत घालणें म्हणजे हात किंवा डोळा गमावण्याची तयारी करणें होय. बाहेरून ती कितीहि सुंदर दिसो, आंतून गंजलेली असूं शकते. तसेंच नवी दिसावी म्हणून घांसूनपुसून तिला चकाकी आणूं नये. संग्राहक मूळ अवस्थेचेंच मोल करितात.

शेवटीं कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें, दुरुस्तीनेंहि चालूं न शकणारें जुनें शस्त्र तेवढें परवान्यांतून सुटतें. चालूं शकणारी बंदूक वडिलांची असली तरी वारसास स्वतःचा परवाना लागतो. तोंपर्यंत ती पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. १९७२ च्या कायद्यानें शिकारहि संपली. तेव्हां भावाभावांनीं तिच्या किंमतीवरून वाद घालण्यापूर्वीं ती रिकामी आहे कीं नाहीं हें जाणत्याकडून पाहून घ्यावें, आणि मुलांच्या हातीं लागेल अशा कपाटांत ती एक रात्रहि ठेवूं नये, एवढेंच आमचें आग्रहाचें सांगणें आहे.