मैलापंप बंद पडला असता

घर रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली असेल किंवा शौचालय तळघरात असेल, तर सांडपाणी टाकीत साठवून विद्युत पंपाने वर उचलावे लागते. हा पंप नजरेआड असतो. तो बंद पडल्याची वार्ता बहुधा दुर्गंधीच देते. अशा वेळी पडलेला स्विच पुनःपुन्हा वर करण्याचा मोह होतो. परंतु खतावणीचा ताळा जुळला नाही म्हणून कुशल मुनीम आकडा दडपीत नाही, नोंद शोधतो. पंपाचेही तसेच आहे.

प्रथम कोणता स्विच पडला, हे पाहावे. एमसीबी पडली असल्यास प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला आहे. पंखा अडकला असेल किंवा तारा एकमेकींस भिडल्या असतील. आरसीसीबी पडली असल्यास वीज जमिनीकडे गळत आहे. घरगुती आरसीसीबी साधारणतः ३० मिलिअँपिअर गळतीवरच तुटते. पंपाची जोडणी सोडल्यावर ती टिकून राहिली, तर दोष पंपात, तरंगत्या स्विचमध्ये किंवा केबलीच्या ओल्या सांध्यात आहे. वायरमनने ५०० व्होल्टच्या मेगरने तपासून रोधन १ मेगओहमपेक्षा कमी आढळल्यास पंप पुन्हा चालवू नये.

काहीच पडले नसताना पंप हालत नसेल, तर पॅनेलवरील ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’ निवडून पाहावे. तो चालू झाल्यास तरंगता स्विच चिकटला किंवा गुंतला आहे. पंप गुणगुणतो पण फिरत नाही, तेव्हा पुरवठा तत्काळ तोडावा; अन्यथा वाइंडिंग जळेल. कारण बहुधा निकामी कपॅसिटर किंवा पंख्यात अडकलेले कापड असते. पुरवठा तोडल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो, म्हणून त्यास जाणकारानेच हात लावावा. पंप थोडा वेळ चालून थांबत असल्यास व्होल्टेज मोजावे. ते २३० व्होल्टच्या बरेच खाली गेले, की मोटर अधिक प्रवाह ओढून तापते.

आरसीसीबी वगळून थेट जोडणी करणे हा उपाय नव्हे. त्यामुळे गळणारी वीज ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगातून वाट काढते. पंप वर ओढताना मुख्य पुरवठा बंद करावा आणि केबलीस न धरता साखळीस धरावे. टाकीत मात्र कोणासही उतरवू नये. तेथील हायड्रोजन सल्फाइड वायू आधी वास घेण्याची शक्तीच मारतो, मग माणसाला. सुरक्षासाधनांविना कोणास सेप्टिक टाकी साफ करण्यास लावणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पावसाळ्यापूर्वी साखळी व केबल तपासून घ्यावी, आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबावे आणि टाकी भरल्याची सूचना देणारी घंटा स्वतंत्र जोडणीवर बसवावी. पंप बिघडला तरी ती वाजली पाहिजे.