स्वस्त कशाला म्हणावे?

बालमित्रांनो, बाजारात मडके घेताना तुम्ही आपल्या आजीला पाहिले असेल. ती मडके हातात घेते, टिचकी मारून वाजवून पाहते आणि आवाज खणखणीत आला तरच पैसे काढते. मडके ते काय, थोड्या मोलाची वस्तू. तरी तिची एवढी पारख! मग संगणकाचा माउस घेताना आपण केवळ किंमत विचारून मोकळे का होतो?

हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारला पाहिजे. आंबेगाव तालुक्यातील एका शाळेत मी मुख्याध्यापक असताना संगणकाच्या खोलीसाठी दहा बिनतारी माउस घ्यावयाचे होते. सर्वांत कमी किमतीचे जे दिसले तेच मी घेतले आणि शाळेचे पैसे वाचविले म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. जूनमध्ये घेतलेल्या त्या दहांपैकी सहा दिवाळीपर्यंत निकामी झाले. एकेका संगणकापुढे तीन-तीन मुले दाटीने बसू लागली. एके दिवशी मागे बसणारी एक मुलगी म्हणाली, "सर, आज तरी माझा नंबर लागेल का?" वाचविलेल्या रुपयांचा हिशेब माझ्या वहीत होता, तिच्या बुडालेल्या तासांचा हिशेब मात्र कोठेच नव्हता.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की वस्तूची किंमत दुकानात कळते, पण ती स्वस्त की महाग हे ती किती दिवस चालली यावरून ठरते. समजा, एक माउस २५० रुपयांना मिळाला आणि पाच महिने चालला. तो महिन्याला ५० रुपयांना पडला. दुसरा ६०० रुपयांना मिळाला आणि चार वर्षे चालला. तो महिन्याला साडेबारा रुपयांना पडला. यांतील स्वस्त कोणता, हे तुम्हीच सांगा.

परंतु म्हणून महाग तेच चांगले, असेही समजू नये. आपल्या जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वाऱ्याचा जोर सोसण्यासाठी अतिशय जड आणि खर्चिक सांगाडा लागला असता. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांचे सहकारी यांनी पोलादी तारांची जाळी ताणून त्या बनविल्या. जाळीतून वारा निघून जातो. लहरी मात्र जाळीच्या छिद्रांहून खूप लांब असल्याने निसटत नाहीत. जेथे गरज नाही तेथे खर्च टाळला, जेथे गरज आहे तेथे टाळला नाही. यालाच काटकसर म्हणतात. मी केला तो केवळ कद्रूपणा होता.

हाच न्याय माउसला लावू या. १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून तयार झालेला पहिला माउस म्हणजे लाकडाची लहानशी पेटी होती. खाली दोन चाके आणि वर एक कळ. सरकणे आणि कळ दाबताच संदेश देणे, हेच त्याचे आजचेही मुख्य काम. तेव्हा रंगीत दिव्यांसाठी पैसे मोजू नयेत, कळीसाठी मोजावेत. कळीखाली धातूचे पातळ पाते असते. ते प्रत्येक दाबाबरोबर लवते. हलक्या प्रतीचे पाते लवकर थकते आणि मग एकदा दाबले तरी दोनदा दाबल्यासारखे होते. म्हणून कळ अनेकदा दाबून पाहावी, चाक फिरवून पाहावे, कोठेही मिळणारा सेल त्यात बसतो का हे विचारावे आणि हमीची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. संगणकात खोचावयाचा इवलासा रिसीव्हर हरवला, तर चांगला माउसही बहुधा निरुपयोगी होतो, तो जपावा. दीर्घ सुटीत सेल काढून ठेवावा, नाहीतर तो पाझरून आतील धातू खातो.

"खिशात अडीचशेच रुपये असतील तर काय करावे?" असे कोणी विचारील. त्याने तारेचा माउस घ्यावा. तेवढ्याच पैशांत तो बहुधा अधिक चांगला मिळतो आणि त्याला सेलही लागत नाही.

पुढल्या जूनमध्ये मी मुलांना बरोबर घेऊनच दुकानात गेलो. पैशांत चार बिनतारी आणि सहा तारेचे माउस बसले. ती मागे बसणारी मुलगी प्रत्येक माउस कानाशी धरून कळीचा आवाज ऐकत होती. मला तिच्यात मडके वाजवून पाहणारी आजीच दिसली. मी शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा त्या दहांपैकी नऊ माउस चालू होते.