जाहिरातीच्या मेजावरून परीकथेकडे

सियालदह स्थानकापासून जवळच्या गडपार मार्गावर 1921 साली सत्यजित राय यांचा जन्म झाला. 1943 मध्ये ते एका ब्रिटिश जाहिरातसंस्थेत मासिक 80 रुपये वेतनावर चित्रकार म्हणून रुजू झाले. ही नोकरी म्हणजे प्रतिभेचा अपव्यय, असे मानणे अन्यायाचे ठरेल. आजोबा उपेंद्रकिशोर यांच्या कथेवरून 1969 साली त्यांनी काढलेल्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’मधील वेशभूषा त्यांनीच आधी कागदावर रेखाटली. तो सराव शांतिनिकेतनाइतकाच कचेरीतलाही. (पगारी वेळेत मिळालेले शिक्षण सहसा कोणी हिशेबात धरत नाही!) भुतांच्या राजाकडून मिळालेला पहिला वर मनाजोगत्या अन्नवस्त्राचा, हे नोकरदार प्रेक्षकास विशेष भावते, राज्य मागण्याचे त्या दोघांना सुचतही नाही.