बस्स, इथपर्यंतच!

वेबसाइटवर ‘एका तासापूर्वी’ असं लिहिलेलं तुम्ही रोज बघता ना? एरवी ‘एक तास’, पण पुढे ‘पूर्वी’ लागलं की ‘एका तासा’. शाळेत आपण सामान्यरूप घोकलं आणि विसरलोसुद्धा! पण कुणीतरी बसून ते कोडमध्ये लिहिलंय. पहाटे, सकाळी, दुपारी, सायंकाळी, रात्री यांच्यासकट. आणि तेही फुकटात.

ही करामत ‘मोमेंट’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीतली. टिम वुडनं २०११मध्ये ती सुरू केली आणि जगभरच्या लोकांनी तिच्यात आपापल्या भाषा घातल्या. मी फ्रंट-एंडवाला माणूस. तारखांचं काम आलं की माझा हात आपोआप मोमेंटकडे जायचा.

सप्टेंबर २०२०मध्ये तिच्या टीमनं जाहीर केलं, की आता नवी फीचर्स नाहीत. नव्या प्रोजेक्टला दुसरं काहीतरी वापरा. लक्सन, डेट-एफएनएस अशी पर्यायांची नावंही स्वतःच दिली. तेव्हा मोमेंट आठवड्याला १ कोटी २० लाखांहून जास्त वेळा डाउनलोड होत होती. म्हणजे ऐन फॉर्मात असताना बॅट खाली ठेवली!

का? तर तिची एक जुनी खोड. ऑर्डरच्या तारखेत ७ दिवस मिळवून डिलिव्हरीची तारीख काढायला जा, मूळ ऑर्डरची तारीखच ७ दिवस पुढे सरकते. आधी कॉपी काढायची आठवण ठेवावी लागते. खोड मोडावी, तर तिच्यावर विसंबलेले प्रोजेक्ट्स मोडणार. शिवाय एखादंच फंक्शन हवं असलं तरी अख्खी लायब्ररी गळ्यात.

‘मेली वाटतं!’ आमच्या ऑफिसातली प्रतिक्रिया. छे! २०२२मध्ये सुरक्षेच्या त्रुटी निघाल्या, तर त्याच वर्षी दुरुस्त केलेल्या आवृत्त्याही आल्या. नवं काही करणार नाही, पण आहे त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. शब्द पाळला की!

आपल्यापैकी कितीजणांना हे जमतं? क्लायंट म्हणतो, ‘बस, एक छोटंसं फीचर.’ आपण म्हणतो, ‘होऊन जाईल सर.’ मग शनिवार गेला, रविवार गेला, आणि नव्याच्या नादात जुन्याचे स्क्रू ढिले ते ढिलेच. इथे तर पगार न घेता राबणारी माणसं. त्यांनी ‘पुरे’ म्हटलं तर आपली कुरकूर कशाला?

ऑफिसच्या कॅलेंडरचं कोड सांभाळणं माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात साहेबांनी त्यात आणखी एक नवा पर्याय मागितला. मी म्हटलं, ‘सर, नवं काही नको. आहे ते नीट चालवतो. बिघडलं तर रात्री दोनला फोन करा, उचलीन.’

साहेब काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे. कळेलच!