थोट्या हाताचा प्रश्न कोण लिहिणार?



माझा उजवा हात मनगटापासून नाही. इंदापूर तालुक्यातल्या एका बागायतदाराच्या गोठ्यात, कडबाकुट्टीत गेला. मी सोळा वर्षांचा होतो. बाप त्याच मालकाकडं सालानं होता. उचल फिटली नव्हती, म्हणून मशीनवर मी.

त्यानंतर तीनदा माझ्यावर संशोधन झालं. गाडीतून माणसं वस्तीवर आली, समाजमंदिरात सतरंजी पडली, चहा आम्हीच पाजला. फॉर्म निघाला. अपंगत्वाचा प्रकार? टक्के किती? साहित्य मिळालं का? समाधानी आहात का?

मशीन कोणाची होती? रकाना नाही. मशीनवर झाकण का नव्हतं? रकाना नाही. दवाखान्याचं बिल बापाच्या उचलीत धरलं का? रकाना नाही. द्रोणाचार्यानं उजवा अंगठा घेतला होता. माझा उजवा शिल्लक नव्हता, म्हणून यांनी डाव्याचा ठसा घेतला नि गाडी गेली. अहवाल मी आजवर पाहिलेला नाही.

२०११ ची जनगणना सांगते, महाराष्ट्रात २९ लाखांवर अपंग. देशात एकूण लोकसंख्येत शंभराला २.२१, अनुसूचित जातींत २.४५. हा फरक आभाळातून पडला काय? कोणाच्या रानात, कुठल्या कामावर, कुठल्या उपचाराविना पडला? ज्याचा हात शाबूत आणि गोठा स्वतःचा, त्याला हा प्रश्न सुचणारच नाही. सुचला तरी परवडणार नाही.

आणि संशोधन म्हणजे काय हे आमच्या भागाला कळत नाही असं कोण म्हणतो? ऊसवाल्यांना विचारा. १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या सभासदांनी मांजरीला स्वतःची संशोधन संस्था उभी केली. आज ती वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. कुठलं बेणं, किती पाणी, कुठला रोग, हे ऊसवाले ठरवतात आणि पैसाही त्यांच्याच कारखान्यांचा. आता तर बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसावर नजर ठेवायला ऑक्सफर्ड आणि मायक्रोसॉफ्ट सोबत घेतलेत. जरूर घ्या. पण उसाच्या धन्याला आपला प्रश्न आपण लिहायचा हक्क आहे, आणि त्याच्या रानात मोडलेल्या माणसानं फक्त उत्तरं द्यायची! हा कुठला सहकार?

म्हणतील, कायदा आहे ना. आहे. २०१६ च्या कायद्याचं कलम ६ वाचा. अपंगावर संशोधन करायचं तर त्याची मोकळी संमती पाहिजे आणि एका समितीची आधी परवानगी पाहिजे. त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग 'किंवा' नोंदणीकृत संस्थेचे. या 'किंवा'च्या फटीतून धर्मादाय ट्रस्टचा धडधाकट शेठ आत येतो. शिवाय परवानगी मागायची वेळ येते तेव्हा प्रश्न लिहून झालेला असतो, पैसा वाटून झालेला असतो. आम्ही फक्त मान हलवायची.

हे इथंच घडतं असं नाही. इंग्लंडात हॅम्पशायरच्या ल कोर्ट या अपंगगृहातल्या लोकांनी १९६० च्या दशकात स्वतःच्या कारभारासाठी लढा दिला आणि संशोधकांना बोलावलं, की हे आपली बाजू मांडतील. १९७२ साली पुस्तक आलं. संस्था जशी आहे तशी नीट कशी चालवायची, याचा सल्ला! तिथं राहिलेल्या पॉल हंटनं या संशोधकांना सरळ बांडगुळं म्हटलं. बांडगूळ आम्हाला ओळखता येतं. आमच्या बांधावरच्या आंब्यावर आहे.

२०१५ साली पंतप्रधानांनी नवं नाव दिलं, दिव्यांग. आमच्या बापजाद्यांना हरिजन म्हणाले होते, तसंच. हक्क द्यायचा नसला की नावात देव घालतात.

आता आपल्या घरातलं. आपली बैठक कुठं भरते? पहिल्या मजल्यावर, अरुंद जिन्यानं. कुबडीवाला खालीच बसतो. आपल्या भाषणात व्यवस्था 'आंधळी' आणि पुढारी 'लंगडा'. वस्तीतल्या आंधळ्या पोरीला आजवर कोणी विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? आणि अपंगांच्या संघटनेत गेलो तर तिथला अध्यक्ष वाड्यातला. तो जात विचारत नाही म्हणतो, पण पाण्याचा तांब्या वरून ओततो. दोन्हीकडं आम्ही उंबऱ्यावर.

म्हणून मागणी साफ आहे. बारामती आणि इंदापुरात अपंगांवर एक रुपयाही संशोधनाला खर्च होणार असेल, तर पहिल्या बैठकीत, प्रश्न लिहायच्या आधी आम्ही बसणार. निम्म्या जागा फक्त अपंगांच्या, 'किंवा' नाही. त्यात दलित पाहिजेत, बाया पाहिजेत. ग्रामपंचायतीनं अपंगांसाठी राखायच्या ५ टक्क्यांतून वस्तीचा पहिला पाहणी-खर्च निघाला पाहिजे. घरोघर फिरणारी पोरं आमची, आणि फुकट नाही, पगारानं. अहवाल मराठीत, आधी ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा, खुणांच्या भाषेत सांगायचा, मग पुण्या-मुंबईला न्यायचा.

तोवर गाडी आली तर सतरंजी पसरू नका. चहा पाजू नका. अंगठा देऊ नका.

डाव्या हातानं लिहायला मला दोन वर्षं लागली. पहिला प्रश्न मीच लिहून ठेवलाय : मशीन कोणाची होती?

जय भीम!