पदवीसाठी विद्यापीठ निवडताना : डेक्कन कॉलेजचे दोन जन्म

१/ प्रवेशाचे दिवस आले की इतिहासाचे भावी विद्यार्थी हमखास विचारतात : पदवीसाठी संशोधनात नावाजलेले विद्यापीठ निवडावे, की पदवीच्या अध्यापनाला वाहिलेले महाविद्यालय? माझे मत मांडण्यापूर्वी पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा इतिहास पाहू. या एकाच संस्थेने दोन्ही भूमिका वठवल्या आहेत.

२/ १८२१ साली ‘हिंदू कॉलेज’ म्हणून सुरू झालेली ही संस्था पुढे डेक्कन कॉलेज झाली आणि मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहिली. १८५७ मध्ये लंडनच्या धर्तीवर स्थापन झालेले ते विद्यापीठ आरंभी केवळ परीक्षा घेई व पदव्या देई. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे.

३/ टिळक व आगरकर यांचा स्नेह याच कॉलेजात जुळला. १८८२ ते १८९३ या काळात रा. गो. भांडारकर येथे संस्कृतचे प्राध्यापक होते. दख्खनच्या प्राचीन इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८४ चा, म्हणजे अध्यापनाच्या याच वर्षांतला. वर्गात शिकवणारा आणि ताम्रपट वाचणारा माणूस एकच होता.

४/ १९३४ साली कॉलेज बंद पडले. १९३९ मध्ये ते पुन्हा उघडले ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे यांच्या कार्याने संस्थेची कीर्ती दूरवर पोहोचली. बी.ए.चा वर्ग मात्र तेथे राहिला नाही.

५/ दुसरे टोक फर्ग्युसन कॉलेजचे (१८८५). १८९९ चे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून परतले आणि अल्प वेतनावर येथे गणित शिकवू लागले. १९०२ पासून ते प्राचार्य होते. त्यांची विद्वत्ता थेट पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली.

६/ यातून मी एवढाच बोध घेतो : संशोधनाची कीर्ती संस्थेची असते, तिचा किती अंश प्रथम वर्षाच्या बाकापर्यंत येतो, हा निराळा प्रश्न आहे.

७/ मी पदवीला नाव पाहून प्रवेश घेतला. ज्यांची पुस्तके वाचून गेलो, त्या प्राध्यापकांची तीन वर्षांत दोनच व्याख्याने ऐकली. माझ्या निबंधांवर गुण असत, शेरा कधीच नसे. साधन आणि मत यांतला फरक मला एम.ए.ला येऊन शिकावा लागला.

८/ तरीही संशोधनाला कमी लेखू नये. ज्याने स्वतः कधी दप्तर सोडले नाही, तो शिक्षक नोट्सच्या पलीकडे क्वचितच जातो. समृद्ध ग्रंथालयाचेही मोल मोठे. फक्त त्याची दारे पदवीच्या विद्यार्थ्याला खुली हवीत.

९/ म्हणून प्रवेशापूर्वी तेथील तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारा : प्रथम वर्षाला कोण शिकवते? निबंध कोण तपासते, आणि त्यावर चर्चा होते का? तीन वर्षांत एकदा तरी मूळ कागद हाती येतो का?

१०/ उत्तरे समाधानकारक असतील, तर लहान महाविद्यालयही निःशंकपणे निवडा. संशोधनाचे मोठे केंद्र एम.ए.ला गाठता येते. वाचण्याची आणि शंका घेण्याची सवय मात्र पहिल्या तीन वर्षांतच लागलेली बरी. ती नंतर लावून घेताना फार वेळ जातो, हे अनुभवाने सांगतो.