घरची बोली कुणी मोजली?

मी परतूरचा. आमच्या गावात दिवसभर तीन भाषा कानावर पडतात. वस्तीतली मराठी, मोहल्ल्यातली दखनी उर्दू, अन् तांड्यावरून बाजाराला आलेल्या बायांची गोरबोली. चौथी इंग्रजी. ती कानावर पडत नाही. कागदावर येते अन् निकाल लावून जाते.

निजामाच्या राज्यात, १९४८ पर्यंत, कचेरी उर्दूत चालायची. आमचा आजा अंगठा द्यायचा. निजाम गेला, पुढं मराठी आली. १९८१ ला परतूर परभणीतून निघून जालना जिल्ह्यात आलं. त्याच साली औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ बसलं. फिर्याद मराठीत, खालचं कोर्ट मराठीत. वर गेलं की घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणं कारभार इंग्रजीत. मार खाल्लेला माणूस आपल्याच खटल्यात मुका! वकील सांगल तेवढंच खरं.

सरकारचं मोजमाप पाहा. २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे ३२ लाख ७६ हजार. सगळे टाकले हिंदीच्या खात्यात. इंग्रजी मातृभाषावाले सुमारे २ लाख ६० हजार. त्यांना स्वतंत्र रकाना! तांड्यावरचं लेकरू पहिलीत येतं तेव्हा मराठीसुद्धा त्याला परकी. वर इंग्रजी, तीही २००० सालापासून पहिलीतच. लेकरू गप बसतं. मग म्हणायचं, मठ्ठ हाये. मठ्ठ कोण?

२०२४ ला मराठी अभिजात झाली. कोणती मराठी? माझ्या मायची 'हाये-न्हाई' तर वर्गात लाल शाईनं खोडली जात होती. २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा हुकूम निघाला. बोंब झाली, जूनअखेर मागं घेतला. बरं झालं. पण त्या भांडणात तांड्याची बोली कोणाच्या तोंडी होती?

आता तेच पांढरपेशे आम्हाला सांगतात, इंग्रजीच्या नादी लागू नका, मायबोली जपा. त्यांची लेकरं कोणत्या शाळेत जातात ते आधी सांगा.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. त्यांनी १९२० ला 'मूकनायक' मराठीत काढला अन् १९३६ ला 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' इंग्रजीत लिहिलं. घरच्या भाषेत माणूस जागा केला, इंग्रजीत जाब विचारला. एक हत्यार टाकून दुसरं उचललं नाही. दोन्ही हातात धरली.

म्हणून दोस्तांनो, दारावर इंग्रजी पाटी अन् आत पोपटपंची, असल्या दुकानात उसनवारी करून फी भरू नका. भांडा जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी. पहिलीत लेकराशी त्याच्या घरच्या बोलीत बोलणारा गुरुजी द्या. त्याच बोलीच्या खांद्यावरून त्याला मराठीत आणा, इंग्रजीत न्या. अन् इंग्रजी अशी शिकवा, की आमची पोरगी हायकोर्टाचा निकाल स्वतः वाचल अन् मायला घरच्या भाषेत समजून सांगल.

ही भीक नाही. आमची बोली आमचीच हाये. इंग्रजीबी आमची करून घेऊ.